शाळेचा सर्व्हर बदलला आणि एक्सेल फाईल उघडेना? बिघाड नेमका कुठे शोधायचा

सुट्टीत शाळेचा जुना सर्व्हर काढून नवा बसवला. शाळा उघडली त्या दिवशी कार्यालयातून पहिली तक्रार आली, निकालपत्रकाची एक्सेल फाईल उघडत नाही. पाठोपाठ दुसरी, दाखल्याच्या फाईलमध्ये मराठीऐवजी भलतीच अक्षरं दिसतात. अशा वेळी बहुतेकदा सगळ्यात आधी ऑफिस काढून पुन्हा टाकलं जातं. त्यात अर्धा दिवस जातो आणि तक्रार जागच्या जागी राहते. कारण ऑफिस बिघडलेलंच नसतं. ते ज्या वाटेने फाईलपर्यंत पोहोचतं, ती वाट बदललेली असते.

मुळात अपग्रेड करायचंच कशाला?

विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर२ यांना मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबले. विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ही साधनं त्यानंतरही चालतात, पण नव्याने सापडलेली भगदाडं आपोआप बुजवली जात नाहीत. शाळेच्या सर्व्हरवर मुलांच्या जन्मतारखा, पत्ते आणि गुण असतात. त्यामुळे हे काम फार काळ पुढे ढकलता येत नाही.

पहिली चाचणी: फाईल डेस्कटॉपवर घ्या

अडलेली फाईल कॉपी करून त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर ठेवा आणि उघडा.

- नीट उघडली, तर ऑफिस ठीक आहे. अडचण नेटवर्क, परवानगी किंवा सर्व्हरमध्ये आहे.
- तिथेही उघडली नाही, तर फाईल किंवा त्या संगणकावरचं ऑफिस तपासा.
- कॉपीच झाली नाही, तर सर्व्हरपर्यंतची वाट किंवा परवानगी अडली आहे.

मग तीच फाईल दुसऱ्या संगणकावरून आणि दुसऱ्या शिक्षकाच्या लॉगिनने उघडून पाहा. अडचण संगणकाबरोबर फिरते की माणसाबरोबर, हे लगेच कळतं.

नेटवर्क: तळापासून वर या

*पत्ता:* संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला पत्ता देणारं कोणी सापडलेलं नाही. अनेक शाळांत पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, जुना सर्व्हरच करत असतो. तो बंद केला की हे कामही बंद पडतं.

*नाव:* इंटरनेट चालतं, पण सर्व्हर नावाने सापडत नाही? मग डीएनएस तपासा. संगणक डोमेनमध्ये असेल, तर त्याच्या डीएनएसमध्ये शाळेच्या डोमेन सर्व्हरचा पत्ता हवा. तिथे राउटरचा किंवा बाहेरचा पत्ता असेल, तर गूगल उघडेल, पण शाळेचा सर्व्हर सापडणार नाही.

*वेळ:* डोमेनमध्ये संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन किंवा फोल्डर नाकारलं जाऊ शकतं. जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपली की घड्याळ मागे पडतं.

फोल्डर दिसतच नसेल तर

विंडोजमध्ये फाईल-शेअरिंग ज्या भाषेत चालतं तिला एसएमबी म्हणतात. तिची पहिली आवृत्ती २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये मुळातच बसवलेली नसते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय व्हायरस याच आवृत्तीतल्या भगदाडातून शिरला होता. खूप जुने संगणक आणि स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारे जुने प्रिंटर हीच आवृत्ती बोलतात. त्यामुळे नवा सर्व्हर आला की ते अडतात. पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून फोल्डर उघडण्याची सोयही आता बहुतेक ठिकाणी बंद असते.

जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करणं, फायरवॉल बंद करणं किंवा ‘एव्हरीवन’ला पूर्ण परवानगी देणं, हे तिन्ही उपाय त्या क्षणी चालतात. पण मग लॅबमधला विद्यार्थीही गुणांची फाईल बदलू शकतो, आणि एका संगणकातला व्हायरस सगळीकडे पोहोचू शकतो. त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. प्रिंटरचं फर्मवेअर अपडेट करा किंवा स्कॅन ईमेलवर घ्या.

फाईल उघडते, पण नीट चालत नाही

*‘दुसरं कोणी वापरत आहे’ असा संदेश:* फाईल उघडली की ऑफिस त्याच फोल्डरमध्ये ~$ ने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाईल बनवतं. संगणक मध्येच बंद पडला, तर ती मागे राहू शकते. खरंच कोणी काम करत नाही याची खात्री करूनच ती काढा.

*फक्त वाचता येते, सेव्ह होत नाही:* साध्या कॉपीने दुसऱ्या सर्व्हरवर आणलेल्या फाईलींना नव्या फोल्डरच्या परवानग्या लागतात, जुन्या सोबत येत नाहीत. त्या पुन्हा लावाव्या लागतात.

*मॅक्रो चालत नाही:* नव्या सर्व्हरचा शॉर्टकट नावाऐवजी आयपी पत्त्याने बनवला, तर विंडोज त्या जागेला इंटरनेट समजू शकतं. २०२२ पासून ऑफिस इंटरनेटवरून आलेल्या फाईलींमधले मॅक्रो अडवतं. शॉर्टकट सर्व्हरच्या नावाने बनवा. सरसकट सगळे मॅक्रो मोकळे करू नका.

*बेरजा जुन्याच दिसतात:* वर्गवार फाईलींमधून गुण ओढणारं एकत्रित निकालपत्रक अजून जुन्या सर्व्हरचा पत्ता धरून बसलेलं असू शकतं. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधल्या ‘एडिट लिंक्स’मध्ये (नव्या आवृत्तीत ‘वर्कबुक लिंक्स’) जाऊन स्रोत बदला. यात एरर दिसेलच असं नाही. म्हणून निकाल छापण्याआधी दोन-चार विद्यार्थ्यांचे गुण हाताने पडताळा.

*मराठी वाचता येत नाही:* जुने दाखले श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांसारखे दिसतात. मजकूर खराब झालेला नसतो. अशी फाईल दुरुस्त करायला जाऊ नका, योग्य फॉन्ट त्या संगणकावर टाका. सर्व्हरवर टाकून उपयोग नाही. पुढचे दाखले मात्र युनिकोडमध्येच करा.

सहा महिन्यांनी येणारी तक्रार

काही संस्थांत ऑफिसचं अ‍ॅक्टिव्हेशन केएमएस पद्धतीने शाळेच्याच सर्व्हरवरून होतं. तो सर्व्हर काढला, तरी आधी अ‍ॅक्टिव्हेट झालेलं ऑफिस १८० दिवसांपर्यंत कुरकुर करत नाही. मग एकेक संगणक लायसन्स मागू लागतो आणि तोवर सर्व्हर बदलल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. जुना सर्व्हर काढण्याआधी तो कोणकोणती कामं करतो, याची यादी कागदावर लिहून काढा.

पुढच्या वेळेसाठी

- बॅकअप घेतला एवढं पुरेसं नाही. त्यातून एक फाईल परत काढून, उघडून पाहा.
- प्रवेश, परीक्षा आणि निकालाच्या दिवसांत सर्व्हरला हात लावू नका.
- आधी कार्यालयातला एक आणि लॅबमधला एक संगणक नव्या सर्व्हरला जोडा. आठवडाभर चालू द्या, मग बाकीचे जोडा.
- जुन्या सर्व्हरची डिस्क एक निकाल पार पडेपर्यंत पुसू नका. ती कुलपात ठेवा.
- एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. पुढची तक्रार आली की सगळ्यात आधी ती वही उघडा.