मराठा अश्वदळातील खोगीर आणि त्याची दुरुस्ती : एक दुर्लक्षित पैलू

प्रस्तावना

मराठ्यांच्या लष्करी इतिहासात अश्वदळाला केंद्रस्थानी स्थान आहे. घोड्यांची पैदास, पागेची व्यवस्था, बारगीर व शिलेदार यांतील भेद आणि गनिमी कावा यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु स्वार ज्या खोगिरावर बसत असे, ते झिजल्यावर किंवा फाटल्यावर काय होत असे, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. वस्तुतः चपळ हालचालींची क्षमता घोड्याच्या पाठीच्या आरोग्यावर आणि ते आरोग्य खोगिराच्या स्थितीवर अवलंबून होते. या दृष्टीने खोगिराच्या दुरुस्तीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खोगिराची रचना

'खोगीर' हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ 'घाम टिपून घेणारे' असा आहे. लाकडी सांगाड्यावर चामडे चढवून केलेले जीन आणि सांगाडा नसलेले, कापड, नमदा व भरण यांचे खोगीर हे दोन भिन्न प्रकार होत. बोलीत मात्र हे शब्द अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले गेले. बिनसांगाड्याच्या कापडी खोगिरास 'चारजामा' असेही नाव होते.

सांगाड्याच्या जिनात स्वाराचे वजन कण्याच्या दोन्ही बाजूंस विभागले जाते आणि कण्यावर पोकळी राहते. बिनसांगाड्याच्या खोगिरात हे काम केवळ भरणाला करावे लागते. ते घोड्याच्या पाठीशी सहज जुळते, वजनाला हलके असते आणि घोडा बदलला तरी बहुधा चालून जाते. मात्र भरण दबले किंवा त्याच्या गुठळ्या झाल्या की सारा भार कण्यावर व मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर येतो. परिणामी पाठ सोलवटते, जखमा चिघळतात आणि घोडा काही काळ निकामी होतो. रिकिबीचा पट्टा हा दुसरा नाजूक भाग होय. सांगाडा नसल्याने रिकिबीवरील ताण थेट पट्ट्यावर आणि त्याच्या शिवणीवर पडतो. पट्टा आडवा, खोगिराच्या पूर्ण रुंदीवरून नेलेला नसेल, तर तो एकाच जागी रुततो.

दुरुस्तीची प्रक्रिया

अशा खोगिराच्या दुरुस्तीसाठी सुताराची वा लोहाराची गरज नसते. शिवण उसवून जुने भरण बाहेर काढणे, ते उन्हात वाळवून पिंजणे, कुजलेला भाग टाकून नवा घालणे आणि पुन्हा टाके घालून ते जागच्या जागी बसवणे, असा तिचा क्रम असतो. यातील खरे कौशल्य दोन्ही बाजू समान ठेवण्यात आहे. भरण कमी पडल्यास कण्याला इजा होते; ते अधिक झाल्यास खोगीर गोलसर होऊन पाठीवर फिरते व तंग अधिक आवळावा लागतो. हा अंदाज हाताच्या स्पर्शानेच येतो.

साधनांतील मौन

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. तीनुसार पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. या यादीत जिनगराचा उल्लेख नाही. या मौनावरून खोगिराची दुरुस्ती होत नसे असा निष्कर्ष काढता येणार नाही. नाल ठोकण्यास विशेष कसब लागते. खोगिरास सुई, दोरा आणि सराव पुरतो. त्यामुळे किरकोळ दुरुस्ती स्वार वा मोतद्दार स्वतःच करत असावेत, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते.

पावसाळ्यात लष्कराने छावणीत यावे आणि दसऱ्यानंतर मोहिमेवर निघावे, अशी व्यवस्था सभासद सांगतो. छावणीत दाणा, औषधे व शाकारलेली घरे सिद्ध ठेवण्याचाही तो उल्लेख करतो. मोठ्या दुरुस्तीसाठी सवड मिळणारा काळ हाच होय. परंतु याच काळात दमट हवेमुळे भरण वाळवणे सर्वांत कठीण असते, ही अडचणही लक्षात घेतली पाहिजे.

दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. बारगिराचा घोडा व सरंजाम सरकारी, तर शिलेदाराचा स्वतःचा असे. म्हणजेच फाटलेले खोगीर एकासाठी पागेच्या हिशेबाची, तर दुसऱ्यासाठी घरखर्चाची बाब ठरत असे.

कारागिरीचा ऱ्हास

जिनगर समाजाच्या नावातच जीन घडवण्याचा व्यवसाय सूचित होतो. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर मोठ्या पागा संपल्या आणि या कामाची मागणी घटली. इंग्रजी धाटणीच्या जिनांचा प्रसार झाला व लष्करी साहित्याचे उत्पादन कानपूरसारख्या केंद्रांकडे गेले. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये जिनगर ओतकाम, चित्रकाम, लाकूडकाम अशा विविध व्यवसायांत दिसतात. त्यांचे कौशल्य नष्ट झाले नाही, तर त्याने अन्य क्षेत्रांत आश्रय घेतला. मात्र पाठ पाहून खोगीर भरण्याचे विशिष्ट ज्ञान व्यवहारातून मागे पडले.

निष्कर्ष

मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द निरुपयोगी भरणा या अर्थाने रूढ आहे. कोणत्याही चिंध्यांनी वा टाकाऊ केसांनी खोगीर भरता येते, ही समजूत त्यामागे असावी. वरील विवेचनावरून याच्या उलट चित्र दिसते. बिनसांगाड्याच्या खोगिरात भरण हाच सांगाडा असतो आणि ते वेळेवर बदलण्यावर घोड्याची, पर्यायाने स्वाराची, कार्यक्षमता अवलंबून असते. मराठा अश्वदळाच्या वेगाचे श्रेय सेनानींना व घोड्यांना देताना सुईदोरा हाती घेणाऱ्या अनामिकांचाही विचार व्हावा. पागांचे हिशेब आणि वस्तुसंग्रहालयांतील जुनी खोगिरे या दृष्टीने तपासली, तर लष्करी इतिहासाचे हे अंग अधिक स्पष्ट होऊ शकेल.