कॅमेऱ्याची बॅटरी : डीएसएलआर आणि मिररलेस

एकदा चार्ज केलेल्या बॅटरीवर कॅमेरा किती फोटो काढतो, याचा अधिकृत आकडा ‘सिपा’ या जपानी उत्पादक संघटनेच्या चाचणीतून येतो. या चाचणीत दर ३० सेकंदांनी एक फोटो काढतात. निकॉनच्या डी ८५० (२०१७) या डीएसएलआरचा आकडा १८४० आहे, तर झेड ६ (२०१८) या मिररलेसचा ३१०. बॅटरी मात्र दोघांचीही ईएन-ईएल १५ याच घराण्यातली.

फरक बघण्याच्या रीतीत आहे. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून थेट डोळ्यापर्यंत येतो. तोवर सेन्सर झोपलेला असतो. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सर, प्रोसेसर आणि व्ह्यूफाइंडरमधला चिमुकला पडदा सतत जागे राहतात, त्यामुळे एकही फोटो न काढता बॅटरी उतरत जाते. डीएसएलआर लाइव्ह व्ह्यूवर टाकला की त्याचीही हीच गत होते.

म्हणून मिररलेसची बॅटरी फोटोंवर नव्हे, तासांवर मोजावी. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला निघते, त्या दिवशी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कासुर्डीत हे चांगले कळते. दिंडीमागून दिंडी येते, टाळकरी उडी घेतो, बोट बटणावरून उठत नाही. अशा वेळी मिररलेसही आपला छापील आकडा सहज मागे टाकतो. याउलट सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकाऱ्याची वाट बघत व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसले, की पाच-पन्नास फोटोंतच लाल खूण दिसू लागते. अशा बसून राहण्याच्या कामात डीएसएलआरला आजही तोड नाही.

मिररलेसने ही उणीव बरीच भरून काढली आहे. सोनीच्या ए ७ टूमध्ये १०२० एमएएचची बॅटरी होती, ए ७ थ्रीमध्ये (२०१८) २२८० एमएएचची आली. मागच्या पडद्यावर बघून काढलेल्या फोटोंचा आकडा ३५० वरून ७१० झाला. पॉवर बँकेचा आधार आहेच, पण आधी तपासून घ्यावे : झेड ६ बंद असतानाच चार्ज होतो, यूएसबीच्या विजेवर चालू राहण्याची सोय झेड ६ टूमध्ये (२०२०) आली.

दोन दिंड्यांमध्ये खंड पडला की कॅमेरा बंद करावा. सकाळपासून यवतच्या पिठलं-भाकरीपर्यंत वारीबरोबर राहायचे, तर डीएसएलआरला एक जादा बॅटरी पुरते. मिररलेसवाल्याने दोन तरी खिशात ठेवाव्यात.