सुकडीच्या वड्या आणि नातीची बिस्किटं

आमच्या नेरूळच्या घरात कणकेच्या डब्याशेजारी सध्या एक काळा, बोजड डबा येऊन बसला आहे. आत पांढरी पावडर. नात म्हणाली, "आजी, हे व्हे प्रोटीन." म्हणजे काय, तर चीज करताना जे पाणी निघतं ते गाळून, वाळवून केलेली भुकटी. पनीर केल्यावर उरलेल्या ज्या पाण्यात मी कणीक भिजवते, त्याचंच हे भावंड. त्याला आलेला भाव पाहून मला हसू आलं.

एका रविवारी नातीनं त्याची बिस्किटं केली. पाककृतीतलं सगळं पीठ काढून तिथे पावडरच घातली. ओव्हनमधून निघाली ती अक्षरशः कौलं! आम्ही हसलो. पण त्याच आठवड्यात ती नेरूळ स्टेशनच्या जिन्यावर चक्कर येऊन खाली बसली. खोदून विचारल्यावर कळलं, की पंधरा दिवस पोळी-भात बंद होता आणि रात्रीचं जेवण म्हणजे त्यातली दोन बिस्किटं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राहून राहून सुकडी आठवत होती.

ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांना सुकडी सांगावी लागत नाही. इतरांसाठी सांगते. आमचं गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यात. मी तेव्हा साताऱ्याला बी.ए. करत होते. विहिरी आटल्या, कडबा संपला, आणि गावंच्या गावं सरकारी दुष्काळी कामावर गेली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. रेशनवर परदेशी लाल मिलो मिळायचा. आणि कामावर वाटली जायची ती सुकडी: भाजक्या पिठासारखी, गोडसर, 'जास्त प्रथिनांची' म्हणून मुद्दाम तयार केलेली. आजच्या भाषेत प्रोटीन पावडरच म्हणा ना!

आई खडी फोडायला जायची. सुट्टीत मीही गेले. आपल्या वाटणीची सुकडी आई पदराला बांधून घरी आणायची. पाण्याचा हबका मारून मळायची, तव्यावर थापायची, वर झाकण ठेवून झाकणावर निखारे. वरून खालून भाजून खरपूस वडी निघायची. आम्ही चार भावंडं ती पुरवून पुरवून खायचो. आई मिलोची भाकरी नि चटणी घेऊन बाजूला बसायची. "मला ग्वाड जात न्हाई गं," म्हणायची. मला ते खरं वाटलं. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराचे साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन गेले, तर आईनं एकामागून एक चार पेढे खाल्ले. मी बघत राहिले. एकवीस-बावीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी मुलगी मी, मला तोवर कळलं नव्हतं.

आता प्रश्न असा, की भुकेल्या माणसाला नुसतं धान्य न देता प्रथिनांची भुकटी द्यावी हे आलं कुठून? तर तो त्या काळचा जगाचा विचार होता. आफ्रिकेत सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३३ साली मुलांच्या 'क्वाशिओरकोर' या आजाराचं वर्णन केलं. पुढे त्याचं मुख्य कारण प्रथिनांची कमतरता मानलं गेलं. १९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं प्रथिनांसाठी खास सल्लागार गट नेमला. आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेनं तीन भाग शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ नि एक भाग हरभऱ्याचं पीठ मिसळून 'बहुउद्देशीय अन्न' काढलं. १९६८ साली तर संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालच छापला.

या लाटेविरुद्ध आकडे घेऊन उभा राहिलेला एक माणूस आमच्याच खटाव तालुक्यातला, हे मला फार उशिरा कळलं. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध. फर्ग्युसनमधून पदवी, लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट, आणि १९५१ ते १९७० रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत. त्यांनी भारतातल्या घराघरांच्या आहाराचे आकडे तपासले आणि १९७० साली मांडलं, की आपल्या ज्वारी-बाजरी-डाळीच्या जेवणात प्रथिनं बहुतेक पुरेशी असतात. कमी पडतं ते जेवणच. पोटभर खाल्लं तर प्रथिनंही भरतात. पोट अर्धं राहिलं तर खाल्लेली प्रथिनंसुद्धा शरीर सरपण म्हणून जाळतं. घरात लाकूडफाटा संपला की माणूस चुलीत खाटेचे खूर घालतो, तसं!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. गोपालन यांनी कुपोषित मुलांना रोज सुमारे ३१० कॅलरी पण फक्त ३ ग्रॅम प्रथिनं असलेला जादा खाऊ दिला. मुलं वाढीला लागली. तो अभ्यास १९७३ चा. म्हणजे आई पदरात सुकडी बांधत होती तेव्हाच. १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये मॅक्लारेन यांनी या सगळ्या प्रथिन-मोहिमेला 'फजिती' म्हटलं.

पण सुखात्म्यांची गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग मला अजूनही टोचतो. पुण्याला परतल्यावर ते सांगू लागले, की माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि कमी अन्नाशी शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं. म्हणून सरासरी गरजेची रेघ ओढून तिच्याखालच्या सगळ्यांना भुकेले म्हणू नये. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली २२५० कॅलरींवर दारिद्र्यरेषा आखली होती. त्यावरून दांडेकर-सुखात्मे असा मोठा वाद झाला. शास्त्र म्हणून त्यांचं म्हणणं खोडायची माझी पात्रता नाही. पण 'जुळवून घेतं' हा शब्द वाचला की मला आईची मनगटं दिसतात. जुळवून तर तिनं घेतलंच होतं! त्याची किंमत कुठल्या तक्त्यात मांडायची?

आणि प्रथिनांचा प्रश्न अगदीच खोटा होता असंही नाही. २००७ च्या जागतिक अहवालात लायसिन या घटकाची मोठ्या माणसाची गरज आधीच्या अडीचपट धरली गेली. नुसत्या तांदूळ-गव्हात ते कमी असतं, डाळीत भरपूर. म्हणजे वरण-भात ही आजीची हौस नव्हे, हिशोब आहे. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. नातीचं वजन ५५ किलो. म्हणजे साधारण ४६ ग्रॅम. व्यायामामुळे थोडी जास्त धरू.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सगळं सांगितलं, चुलीतल्या खाटेच्या खुरांसकट. डबा फेकून दे म्हणाले नाही. व्यायाम करते, पावडर खाऊ दे. मग आम्ही दोघींनी मिळून बिस्किटं केली. तीन वाट्या पिठाला एकच वाटी पावडर. पीठ निम्मं कणकेचं, निम्मं भाजलेल्या डाळ्यांचं. शेंगदाण्याचं जाडसर कूट, गूळ, तूप, आणि ओलावा राहावा म्हणून दोन चमचे दही नि एक पिकलं केळं. व्हे तापलं की पनीरसारखं आळतं, म्हणून आच मंद ठेवली आणि कडा जरा रंगल्या की लगेच बाहेर काढली. खुसखुशीत नाही म्हणणार, पण कौलं खासच नव्हती. अट एकच: आधी वरण-भात, मग बिस्किट.

नातीनं पहिलं बिस्किट माझ्यापुढे धरलं. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "नको गं, मला गोड.." आणि मी थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ते घेतलं आणि खाल्लं.

असो. मंडळी, तुमच्या घरात "मला आवडत नाही" म्हणणारं कुणी असेल, तर त्यांच्यापुढे एकदा ताटली धरून बघा.