पलीकडच्या खाटेवरचा माणूस

आजचा भाग किडनी ट्रान्सप्लान्टच्या इतिहासावर आहे. हा इतिहास बहुतेक वेळा सर्जनच्या बाजूने सांगितला जातो. कुणी पहिल्यांदा केलं, कुणाला नोबेल मिळालं वगैरे. तेही येईलच. पण मला आज दुसऱ्या खाटेवरच्या माणसाबद्दल बोलायचंय. ज्याला काहीही झालेलं नाही, ताप नाही, दुखणं नाही, आणि तरी जो ऑपरेशनसाठी स्वतःच्या पायांनी चालत येतो. आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या घरच्यांबद्दल. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे शरीरशास्त्र अगदी गरजेपुरतंच सांगणार आहे.

सुरुवात पॅरिसपासून करू. १९५२ सालचा डिसेंबर. मारियुस रेनार नावाचा १६ वर्षांचा पोरगा, कामावर असताना उंचावरून पडला. उजव्या किडनीला जबर मार बसला. रक्तस्राव थांबेना म्हणून डॉक्टरांनी ती काढून टाकली. आणि मग लक्षात आलं की दुसरी किडनी त्याला जन्मापासूनच नव्हती. म्हणजे होती ती एकुलती एकच, आणि तीही गेली.

आज अशा वेळी आपण म्हणू, डायलिसिसवर ठेवा, तोवर बघू. पण तेव्हा डायलिसिस ही काही चौकातल्या सेंटरमध्ये मिळणारी गोष्ट नव्हती. मुलाच्या हातात मोजके दिवस होते. त्याची आई, जिल्बेर्त, डॉक्टरांच्या मागे लागली की माझी एक काढा आणि त्याला लावा. नेकेर हॉस्पिटलच्या जाँ हाम्बुर्जे यांच्या टीमने ते केलं. ख्रिसमसच्या आदल्या रात्री. किडनी लगेच चालू झाली, मुलाची तब्येत सुधारायला लागली, पेपरांत बातम्या आल्या, सगळं फ्रान्स त्या मायलेकांकडे बघत होतं. साधारण तीन आठवडे. मग किडनी बंद पडली आणि मारियुस गेला.

ऑपरेशनमध्ये काही चुकलं नव्हतं. रक्तवाहिन्या नीट जोडल्या होत्या. पण आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा प्रत्येक पेशीचं ओळखपत्र तपासते, आणि आईचं ओळखपत्र मुलाशी अर्धंच जुळतं. अर्धं बापाकडून आलेलं असतं ना. यंत्रणेच्या लेखी आईची किडनी म्हणजे घुसखोरच. हे कळायला लागलं होतं ते पीटर मेदावार यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या त्वचारोपणावरच्या कामामुळे. पण कळणं वेगळं आणि त्यावर औषध असणं वेगळं. औषध नव्हतं.

मग एकच पळवाट उरते. असा दाता शोधा ज्याचं ओळखपत्र तंतोतंत तेच आहे. म्हणजे एकसारखे जुळे. आता किडनी निकामी झालेला माणूस, त्याला जुळा भाऊ, तो जिवंत, निरोगी आणि शिवाय तयार. असा योग किती वेळा येणार?

१९५४ साली अमेरिकेत आला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शेतावर वाढलेले हेरिक बंधू, वय २३. रिचर्ड कोस्ट गार्डमध्ये होता, रोनाल्ड लष्करात जाऊन आलेला. रिचर्डला किडनीचा जुनाट दाह झाला आणि तो बोस्टनच्या सरकारी हॉस्पिटलात पडून होता. किडन्या बंद पडल्या की शरीरातलं विष मेंदूपर्यंत जातं. रिचर्डला भ्रम व्हायचा, तो भडकायचा, शुश्रूषा करणाऱ्यांशी झटापट करायचा. घरच्यांना हे बघणं किती जड गेलं असेल याचा विचार करा. आजारी माणूस मरतोय ते एक, पण तो आपला ओळखीचा माणूसच राहिलेला नाही हे दुसरं.

इथे त्यांचा थोरला भाऊ व्हॅन येतो. इतिहासाच्या पुस्तकात त्याला जेमतेम एखादं वाक्य मिळतं, पण माझ्या मते सगळी गोष्ट त्याच्यापासून सुरू होते. डॉक्टर म्हणाले, काही करता येण्यासारखं नाही. व्हॅन म्हणाला, माझी एक किडनी देता येईल का? डॉक्टर डेव्हिड मिलर यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं खरं, पण रिचर्डला जुळा भाऊ आहे हे ध्यानात आल्यावर त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं. बोस्टनमध्येच पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलात जॉन मेरिल, जोसेफ मरे वगैरे मंडळी याच प्रश्नावर काम करत होती. मिलर यांनी केस त्यांच्याकडे पाठवली. व्हॅनने जो प्रश्न विचारला तो वैद्यकीयदृष्ट्या निरुपयोगी होता, त्याची किडनी टिकलीच नसती. पण तो विचारला म्हणून पुढचं झालं.

ब्रिगहॅमला आल्यावर आधी रिचर्डला तिथल्या कृत्रिम किडनीवर, म्हणजे डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. तो जरा माणसांत आला. मग प्रश्न, हे दोघं खरंच एकसारखे जुळे आहेत का? डीएनए टेस्ट तेव्हा नव्हती. डबल हेलिक्सचा शोध लागूनच जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मग रक्तगट तपासले, डोळ्यांचे रंग पाहिले, आणि बोटांचे ठसे घ्यायला चक्क पोलीस स्टेशनात पाठवलं. पोलीस स्टेशनात वार्ताहर बसलेलेच असतात, बातमी फुटली. सगळ्यात पक्की चाचणी त्वचेची होती. एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावायचा आणि वाट पाहायची. महिना होत आला तरी तुकडा जिवंत राहिला. शरीराने तो आपलाच मानला होता.

म्हणजे तांत्रिक अडचण संपली. आता खरी अडचण.

डॉक्टरकीचा पहिला नियम असा की रुग्णाला अपाय करू नका. रोनाल्ड तर रुग्णच नव्हता. धडधाकट माणसाचं पोट फाडायचं, त्याचा एक अवयव काढायचा, आणि त्याचा त्याच्या तब्येतीला काडीचा फायदा नाही. ऑपरेशनमागे असं कारण असणं तेव्हा फार दुर्मिळ होतं. टीमने इतर डॉक्टरांना विचारलं, वकिलांना विचारलं, वेगवेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंशी बोलणी केली. घरच्यांना समोर बसवून धोके सांगितले. रोनाल्डवर जोर कुणी केला नाही. पण तुम्हीच सांगा, जुळा भाऊ शेजारच्या खोलीत मरतोय आणि उपाय तुमच्या पोटात आहे, तेव्हा जोर करायला वेगळं माणूस लागतं का?

रोनाल्डने नंतरच्या काळात स्वतःची चलबिचल कधी लपवली नाही. त्याआधी त्याचं एकच ऑपरेशन झालं होतं, अपेंडिक्सचं, आणि तेही त्याला फारसं आवडलं नव्हतं!

ऑपरेशनआधीच्या शेवटच्या बैठकीत त्याने एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडतो. मी किडनी दिली तर पुढे जन्मभर माझ्या तब्येतीची जबाबदारी हॉस्पिटल घेणार का? त्याच्यावर ऑपरेशन करणार होते हार्टवेल हॅरिसन. त्यांनी सरळ सांगितलं, नाही. आणि लगेच उलट विचारलं, पण रोनाल्ड, तुला पुढे गरज पडली तर या खोलीतलं कुणी तुला नाही म्हणेल असं वाटतं का? मरे यांनी हा प्रसंग लिहून ठेवलाय. कागदावर हमी शून्य, फक्त माणसांचा शब्द. आपण पोरं ऑफर लेटरचा एकेक क्लॉज वाचणारी. मला हे उत्तर उदात्त वाटतं आणि थोडं अन्यायाचंही वाटतं, दोन्ही एकाच वेळी.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री रिचर्डने रोनाल्डला चिठ्ठी पाठवली की तू इथून निघ, घरी जा. चिठ्ठी परत आली त्यात उत्तर होतं, मी आलोय आणि मी थांबणार आहे. बस, एवढंच. ना भाषण, ना रडारड.

२३ डिसेंबर १९५४. शेजारशेजारच्या दोन ऑपरेशन थिएटरमध्ये दोन भाऊ. हॅरिसननी किडनी काढली, मरे यांनी बसवली. मरे यांनी काही दिवस आधी एका मृतदेहावर रंगीत तालीमही करून घेतली होती. जागा मूळ किडनीची नाही, खाली ओटीपोटात, जांघेजवळच्या रक्तवाहिन्यांना जोडून. आजही किडनी तिथेच बसवतात. ८२ मिनिटं ती किडनी रक्ताविना होती. चिमटे सोडले, रक्त आत शिरलं, किडनी गुलाबी झाली आणि लघवी वाहायला लागली. इतकी की फरशी पुसावी लागली म्हणे.

रिचर्ड बरा झाला. जिथे शुद्धीवर आला तिथली नर्स होती क्लेअर. पुढे दोघांनी लग्न केलं, दोन मुलं झाली. आठ वर्षं तो जगला. मग मूळ आजाराने नव्या किडनीलाही गाठलं आणि १९६३ साली हृदयविकाराने तो गेला. रोनाल्ड गणिताचा शिक्षक झाला, मेन राज्यात शेती केली, आणि २०१० च्या डिसेंबरात वयाच्या ७९ व्या वर्षी वारला. एका किडनीवर ५६ वर्षं. मरे यांना १९९० साली नोबेल मिळालं तेव्हा रोनाल्ड हयात होता.

आता बोस्टनमध्येच थांबू, कारण पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. हेरिक बंधूंची बातमी पसरल्यावर आणखी जुळे यायला लागले. त्यांत काही अल्पवयीन. १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयासमोर अशी तीन प्रकरणं आली, एका जोडीचं वय १९ (तेव्हा सज्ञान व्हायला २१ लागायची), दोन जोड्यांचं फक्त १४. आईवडिलांची संमती होती. पण पालक मुलाच्या भल्यासाठीच संमती देऊ शकतात, आणि किडनी देण्यात देणाऱ्या मुलाचं भलं काय? शिवाय त्या आईबापांची अवस्था पाहा. एका लेकरासाठी दुसऱ्याला ऑपरेशन टेबलवर झोपवायचं. त्यांची संमती निःपक्ष कशी मानणार?

मानसोपचारतज्ज्ञांनी साक्ष दिली की जुळं भावंड मेलं, आणि आपण वाचवू शकत होतो पण वाचवू दिलं नाही हे मुलाला कळलं, तर त्याच्या मनावर खोल घाव बसेल. न्यायालयाने ते मानलं. किडनी देणं हे देणाऱ्याच्याही हिताचं आहे, असा निकाल दिला आणि परवानगी मिळाली. तर्क म्हणून हे चलाख आहे. पण थोडं ताणून बघा. प्रेम जेवढं जास्त तेवढा द्यायचा हक्क जास्त, म्हणजे मग नाही म्हणायची मुभा तेवढी कमी? आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने जवळपास निकालात काढलाय, अगदी अपवादात्मक कारण असल्याशिवाय १८ वर्षांखालच्याला जिवंतपणी दाता होता येत नाही.

जुळ्यांचा हा मार्ग अरुंदच होता. साठच्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन आलं, ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन, आणि संरक्षण यंत्रणेला आवर घालता यायला लागला. मग आई, बाप, बहीण, बायको, मेंदूमृत व्यक्ती, सगळ्यांच्या किडन्या चालायला लागल्या. औषधांवर स्वतंत्र भाग होईल, आज एवढंच.

भारतात पहिला प्रयत्न मुंबईचा. १९६५ साली केईएममध्ये मृत व्यक्तीची किडनी बसवली गेली, पण रुग्ण वाचला नाही. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं, जिवंत दात्याकडून. ऐंशीच्या दशकात मात्र चित्र बिघडलं. औषधांमुळे नात्याबाहेरची किडनीही टिकायला लागली, म्हणजेच विकत घेतलेलीही. मुंबई, मद्रास वगैरे शहरांत परदेशातून लोक येऊन किडनी लावून घ्यायचे, आणि विकणारे कोण असायचे ते सांगायला नको.

त्यावर संसदेने १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे काही राज्यांनी आधी ठराव करावे लागले. ते कुणी केले? महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशने. फेब्रुवारी १९९५ पासून कायदा या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला, बाकीचे नंतर आले. कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिली, विक्रीला गुन्हा ठरवलं आणि ‘जवळचा नातेवाईक’ कोण हे लिहून टाकलं. नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण. २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडं आली. बाकी कुणी देणार असेल तर समितीसमोर जायचं.

कायद्याचा विश्वास घरावर आहे. बाहेर पैसा असतो, घरात प्रेम असतं, असा हिशोब. पण आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत, आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष बरेच जास्त. याची कारणं एका वाक्यात नाही सांगता येणार. कमावता माणूस आधी वाचवायचा हेही त्यात आहे, आईची माया आहे, आणि सुनेला कुणी विचारतच नाही हेही आहे. २०१४ च्या नियमांत म्हणून एक तरतूद आहे. दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्यावी. सरकारी भाषेतली कोरडी ओळ आहे. पण घरात काय घडू शकतं हे ती लिहिणाऱ्याला नीट ठाऊक होतं.

परदेशातल्या बऱ्याच केंद्रांत याच्या पुढची एक पद्धत आहे. दात्याला एकट्याला खोलीत बसवतात, घरचे बाहेर. त्याला सांगतात, भूल देईपर्यंत कधीही मागे फिर. आणि तो फिरलाच, तर टीम बाहेर येऊन घरच्यांना एवढंच सांगते की दाता योग्य ठरला नाही. का, ते सांगत नाहीत. रिपोर्टमध्ये काहीतरी निघालं असेल असं समजून घरचे पुढच्या नावाकडे वळतात, आणि तो माणूस त्याच घरात, त्याच ताटावर पुन्हा जेवायला बसू शकतो.

पुढच्या भागात सायक्लोस्पोरिनची गोष्ट, मातीतल्या बुरशीपासून सुरू होणारी. तोवर काही प्रश्न असतील तर पाठवा.