खाऊच्या वाटेने मुंबईच्या वस्त्या

मुंबईत कोणता समाज केव्हा आला आणि कोठे वसला, याची नोंद गॅझेटियरमध्ये सापडते. मिठाईच्या दुकानांतील परातींमध्ये आणि उपाहारगृहांच्या फळ्यांवरही तीच नोंद वाचता येते. एखाद्या वस्तीत एखादा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या विकला जातो, कारण त्याचे नित्याचे गिऱ्हाईक चार पावलांवर राहत असते. गिऱ्हाईक उपनगरात गेले, इमारत पाडली गेली किंवा भट्टी विझली, की पदार्थाचाही मुक्काम हलतो. शहराचा पुनर्विकास वेगाने सुरू असताना, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी ही खाद्यफेरी म्हणूनच महत्त्वाची ठरते.

धोबीतलाव : इराण्याचा कोपरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी इराणमधील यझ्द व केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत चहाची दुकाने थाटली. कोपऱ्यावरची जागा इतर व्यापारी अशुभ मानून टाळत, म्हणून ती इराण्यांना सहज मिळाली, असे सांगितले जाते. दोन रस्त्यांवरचे गिऱ्हाईक एकाच दारात आणणारा हा कोपरा त्यांना फळला. धोबीतलावावरील कयानी १९०४ सालचे, तर ससानियन १९१३ सालचे. ब्रून-मस्का, खारी, मावा केक आणि दाट दुधाळ चहा ही या दुकानांची ओळख.

‘पाव’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांचा. मुंबईत पाव रुजविण्यात गोव्याच्या बेकरांचा वाटा मोठा, तर पुढे इराण्यांनी त्यात भर घातली. या व्यवसायापुढे आता भट्टीचा प्रश्न उभा आहे. लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. शहराच्या हवेच्या दृष्टीने हा निर्णय आवश्यक असला, तरी थोड्या नफ्यावर चालणाऱ्या लहान बेकऱ्यांना भट्टी बदलण्याचा खर्च जड जाणारा आहे.

गिरगाव-भुलेश्वर : चाळ आणि पेढी

गिरगावच्या चाळींतील मराठी मध्यमवर्गाने उपवासाच्या आणि सणावाराच्या पदार्थांची एक स्वतंत्र बाजारपेठच निर्माण केली. साबुदाणा वडा, थालीपीठ, खरवस, दुधी हलवा आणि श्रीखंड-ताकाच्या मिलाफातून होणारे केशर-जायफळयुक्त पियूष हे तिचे मानकरी. पणशीकरांचे नाव या परंपरेशी जोडलेले आहे. पायी काही मिनिटांवरील भुलेश्वरात भाषा बदलते आणि परातही. तेथे गुजराती व मारवाडी पेढ्यांच्या आधाराने फरसाण, दसऱ्याचा फाफडा-जिलेबीचा बेत आणि कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीची, चांदनी पडव्याची सुरती घारी रुजली.

या पट्ट्यातील अनेक कुटुंबे गेल्या काही दशकांत बोरिवली, डोंबिवलीकडे गेली. मेट्रो-३ च्या गिरगाव व काळबादेवी स्थानकांसाठी येथील अनेक जुन्या इमारती पाडण्यात आल्या. ही स्थानके ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. त्यामुळे उपनगरात गेलेल्या गिरगावकराला जुन्या दुकानापर्यंत येणे सोपे झाले आहे. मात्र रोजच्या गिऱ्हाइकाची जागा सणासुदीचे गिऱ्हाईक भरून काढील काय, हा प्रश्न उरतो.

मोहम्मद अली मार्ग : रात्रीची बाजारपेठ

रमजानमध्ये मिनारा मशिदीचा परिसर सायंकाळनंतर जागा होतो. अंडी घालून तुपात तळलेला मालपुवा, मातीच्या वाटीतील फिरनी आणि काळसर मावा जिलेबी यांसाठी सर्व धर्मांचे खवय्ये येथे गर्दी करतात. मावा, तूप व सुकामेवा यांच्या ‘अफलातून’साठी प्रसिद्ध असलेले सुलेमान उस्मान मिठाईवाला हे दुकान १९३६ सालचे. शेजारच्या भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकर क्षेत्रावरील जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभारण्याचे काम २००९ मध्ये स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हाती घेतले. रहिवाशांबरोबर दुकानदारांनाही नव्या संकुलात जागा देण्याची त्यात योजना आहे. रस्त्यावरच्या कढईला अशा आराखड्यात कोठे जागा मिळते, त्यावर या बाजारपेठेचे पुढचे रूप अवलंबून राहील.

गिरणगाव ते दादर : घाईचे जेवण

गिरणीच्या पाळीने गिरणगावची भूक ठरविली. एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी घरोघरी महिला खानावळी चालवीत. त्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावची गाडी लावली आणि तेथूनच हा पदार्थ प्रचारात आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, खानावळी आटल्या. वडापाव मात्र कोणत्याही एका वस्तीचा न राहिल्याने टिकला.

माटुंगा : केळीचे पान

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) दादर-माटुंग्यात मोकळ्या वसाहती आखल्या. कारकुनी व इतर पांढरपेशा नोकऱ्यांसाठी आलेली दाक्षिणात्य कुटुंबे तेथे स्थिरावली आणि पाठोपाठ उडुपी उपाहारगृहे आली. १९३९ सालचे रामाश्रय, १९४० सालचे कॅफे मद्रास आणि १९४२ सालचे रामा नायक यांचे बोर्डिंग ही त्यांतील ठळक नावे. रसम-वडा, अननसाचा शिरा आणि फिल्टर कॉफी यांची चव घेण्यासाठी रविवारी येथे रांगा लागतात.

माहीम, वांद्रे आणि चेंबूर

पातळ लाटलेल्या, कागदाच्या घड्यांत रचलेल्या चौकोनी पापुद्र्यांचा माहीम हलवा वस्तीचे नावच मिरवितो. गुजरातमधून आलेल्या जोशी कुटुंबाच्या ‘बुढाकाका’ या नावाशी तो निगडित आहे. वांद्र्यात माउंट मेरीच्या जत्रेत बेसन-गुळाचे गोवेकरी ‘कडियो-बोडियो’ मिळतात, तर नाताळात ईस्ट इंडियन घरांत कुलकुल आणि फुगे तळले जातात. फाळणीनंतर निर्वासित छावणी म्हणून वसलेल्या चेंबूर कॅम्पात सिंधी दाल-पकवान सकाळीच संपते. होळीच्या दिवसांत तेथे जिलेबीसारखे, पण आकाराने मोठे ‘घीयर’ तळले जाते.

फेरी केव्हा करावी?

होळीच्या आठवड्यात चेंबूर, सप्टेंबरमध्ये ८ तारखेनंतरच्या रविवारपासून वांद्रे, दसऱ्याच्या सकाळी भुलेश्वर आणि नाताळात पुन्हा वांद्रे, असा बेत आखता येईल. रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येत असल्याने त्याची तारीख आधी पाहून घ्यावी. माटुंगा व धोबीतलावाला मात्र सकाळी लवकर जाणे उत्तम.