कोणता राक्षस मुलांना दाखवावा?

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आज कुणी कार्टूनच्या एका भागासाठी लिहून पाठवली, तर ती लहान मुलांसाठी मंजूर होणं अवघडच. विठ्ठलाच्या भजनात देहभान हरपलेला कुंभार चिखल तुडवतोय. बायको पाण्याला गेलेली. तेवढ्यात रांगतं मूल चिखलात येतं आणि बापाच्याच पायांखाली सापडतं. पुढे तर कथा आणखी बिकट होते. बायको विठ्ठलाची आण घालते की मला हात लावायचा नाही, आणि ती आण पाळताना प्रकरण इतकं ताणलं जातं की गोरोबा स्वतःचे हात तोडून घेतात. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’ ग्रंथात ही सगळी हकिगत ओवीबद्ध आहे.

धाराशिव जिल्ह्यात मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या पोराबाळांसमोर सांगितली गेली. तेरमध्ये तेरणेच्या काठी गोरोबांची समाधी आहे, चैत्र वद्य त्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, आणि कीर्तनाच्या मंडपात पुढच्या रांगा बहुधा मुलांच्याच असतात. कथेत रक्त आहे, मृत्यू आहे, नवरा-बायकोचं भांडण आहे. तरी ती मुलांपासून लपवावी असं कुणाला वाटलं नाही. याचं उत्तर कथेच्या सांगण्यात सापडतं.

कीर्तनकार चिखलापाशी थांबत नाही. तो श्रोत्यांना पंढरपुरात नेतो. नामदेवांचं कीर्तन रंगलंय, सगळे टाळ्या वाजवताहेत, गोरोबा थोटे हात वर करतात आणि त्या हातांना पंजे फुटतात. तुडवलेलं मूल रांगत रांगत आईकडे येतं. मंडपात बसलेलं मूल उठून घरी जातं ते हे सगळं ऐकल्यावर. दुसरी गोष्ट अशी की मधल्या काळात कुणाचंही दुःख झटकून टाकलेलं नाही. आई आकांत करते, बापाला बोल लागतो, संसार मोडकळीला येतो. जे घडलं त्याची किंमत प्रत्येक पात्र मोजतं.

अद्भुतकथांची या भागाला कधीच वाण नव्हती. धाराशिवच्या लेण्यांचीच कथा घ्या. अकराव्या शतकात कनकामर मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ रचलं. त्यातला राजा करकंड तेरापूरला येतो. जवळच्या डोंगरावर एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ आणून वारुळाची पूजा करतो, असं त्याच्या कानावर येतं. वारूळ खणल्यावर आत पार्श्वनाथाची मूर्ती निघते. पुढे लेण्यातल्या मूर्तीपाशी दिसणारी दगडी गाठ राजा फोडायला लावतो, तोच पाण्याचा लोंढा उसळून सगळं लेणं भरून जातं. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३४ मध्ये हा ग्रंथ संपादित केला आणि त्यातलं वर्णन धाराशिवच्या लेण्यांशी जुळवून दाखवलं. गुप्त खजिना, शहाणा प्राणी, एका चुकीच्या घावाने ओढवलेलं संकट: साहसकथेचा आजचा सगळा मालमसाला त्यात हजार वर्षांपूर्वीच आहे.

तुळजापूरची कथा तर घरोघरची. कर्दम ऋषींच्या मागे त्यांची पत्नी अनुभूती तपाला बसलेली असते. कुकुर नावाचा दैत्य तिच्या वाटेला जातो. तिच्या हाकेला देवी धावून येते आणि रेड्याचं रूप घेतलेल्या दैत्याचा वध करते. ही कथा रात्रभर जागवण्याचं काम गोंधळ्यांचं. त्यांच्यातली कदमराई शाखा तुळजाभवानीची, रेणुराई माहूरच्या रेणुकेची. लग्नकार्यानंतर अंगणात चौक भरला जातो, दिवटी पेटते, संबळ घुमू लागतो, तुणतुण्याची तार छेडली जाते. तुणतुण्याच्या उगमाची गोंधळी परंपरेतली कथाही काही सौम्य नाही. परशुरामाने बेटासुराला मारलं, त्याच्या शिरापासून आणि शिरांच्या तंतूंपासून वाद्य केलं आणि ते वाजवत मातेला वंदन केलं, असं गोंधळी सांगतात.

आता या रात्रीची रचना बारकाईने पाहावी. आधी गण, मग गावोगावच्या देवदेवतांना गोंधळाला येण्याचं आवाहन. आख्यान त्यानंतर लागतं. म्हणजे दैत्य येण्याआधीच त्याचा निकाल लावणारी देवी अंगणात येऊन बसलेली असते. नाईक कथा सांगतो, साथीदार मध्येच खुळचट प्रश्न विचारून हशा पिकवतो आणि ताण उतरतो. पोरं पेंगली तर संबळ चढतो, घाबरली तर विनोद लांबतो. शेवटी आरती होते. मूल आजीच्या मांडीवर असतं आणि त्याचं अंग आक्रसलं तर आजीला ते लगेच कळतं. मुलांना काय झेपेल याची पारख रात्रभर चालू असायची. त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला नव्हता.

छापील पुस्तकाने हे बदललं. मुलांनी काय वाचावं हे दूरचा संपादक ठरवू लागला. अमेरिकन मराठी मिशनचं ‘बालबोधमेवा’ १८७३ मध्ये निघालं, वासुदेव गोविंद आपटे यांचं ‘आनंद’ १९०६ मध्ये. तेव्हा हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. त्यानंतर चारेक वर्षांत ‘चांदोबा’ मद्रासहून मराठीत येऊ लागला. त्यातला विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालायचा. चित्रकार शंकर यांनी काढलेलं ते चित्र पाहून कित्येक मुलं पान उलटायला कचरली असतील, पण प्रत्येक वेळी प्रेतातला वेताळ एक कोडं घालायचा आणि भीतीची जागा विचार घ्यायचा. ‘बालभारती’चं ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झालं.

सिनेमाला तर सुरुवातीपासूनच या प्रश्नाची जाण होती. दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्णाची भूमिका त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केली. चित्रपटाच्या आरंभी ती वेगवेगळे हावभाव करून दाखवते आणि मग तिच्याच चेहऱ्यातून कृष्ण साकारतो. डोहातल्या नागाशी झुंजणारं पोर ही एक अभिनय करणारी मुलगी आहे, हे प्रेक्षकांना आधीच सांगून टाकलेलं.

हीच युक्ती जवळजवळ ऐंशी वर्षांनी पुन्हा वापरावी लागली. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ लागलं, तेव्हा टीव्ही असलेल्या एका घरात अख्खी गल्ली जमायची. दहा तोंडांचा रावण मुलांनी आजी-आजोबांच्या गर्दीत पाहिला. १३ सप्टेंबर १९९७ ला दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला तोवर बऱ्याच घरांत स्वतःचा संच होता आणि मुलं एकेकटी बसू लागली होती. आपण संकटात सापडलो की शक्तिमान वाचवायला येईल, या समजुतीने मुलांनी जिवावरचे प्रकार केल्याच्या बातम्या आल्या आणि देशभर वाद पेटला. शक्तिमान साकारणाऱ्या मुकेश खन्ना यांना पडद्यावरून मुलांशी थेट बोलावं लागलं. भागाच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ हा तुकडा येत असे. कथा संपल्यावर कुणीतरी मुलाशी दोन शब्द बोलायला हवेत, ही जुनी गरज मालिकेने स्वतःच्या अंगावर घेतली होती.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागाने निराळाच धडा दिला. लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकत राहिला आणि जवळपास ६८५ मुलांना इस्पितळात न्यावं लागलं. काहींना झटके आले होते. कथेत आक्षेपार्ह काही नव्हतं. त्यानंतर जपानी वाहिन्यांनी लुकलुकत्या दृश्यांसाठी नियम केले. तेव्हापासून मुलांचा कार्यक्रम तपासताना गोष्टीइतकंच चित्राकडेही पाहावं लागतं.

भारतात केबल टीव्हीचा कायदा १९९५ चा. त्याच्या कार्यक्रम संहितेनुसार मुलांसाठीच्या कार्यक्रमांत वाईट भाषा आणि हिंसेची उघड दृश्यं नकोत, आणि मुलांना अयोग्य कार्यक्रम मुलं जास्तीत जास्त संख्येने पाहतात त्या वेळी दाखवू नयेत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटीसाठी वयाचे गट आणले: सर्वांसाठी ‘यू’, मग ‘यू/ए ७+’, ‘१३+’, ‘१६+’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. चित्रपटांसाठीही २०२३ च्या दुरुस्तीने असेच टप्पे झाले. यातली मेख अशी की ओटीटीवर पालकांच्या कुलपाची सोय ‘१३+’ आणि त्यावरच्या गटांसाठीच बंधनकारक आहे. ‘७+’चा भाग पाच वर्षांच्या मुलाने पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, एवढंच नियम म्हणतो. ते मार्गदर्शन कोणी आणि कसं करायचं, हे घरावर सोडलेलं आहे.

आणि घरात कोण असतं? भूम, परंडा, वाशी, कळंबच्या बाजूने दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात. मुलं कधी सोबत जातात, कधी हंगामी वसतिगृहात राहतात, कधी आजी-आजोबांजवळ. हातात मोबाईल असतो आणि त्यावर ‘छोटा भीम’. पूर्वी या जिल्ह्याचा कारभार जिथून चालायचा, त्याच हैदराबादेत २००८ मध्ये राजीव चिलका यांच्या ‘ग्रीन गोल्ड’ने तो घडवला. ढोलकपूरचा हा पोरगा लाडू खातो, अंगात बळ येतं, गुंड उडून पडतात. पडलेले गुंड क्षणात उठतातही. कुणाला लागत नाही, कुणाची आई रडत नाही.

गोरोबांच्या कथेशेजारी हा भाग ठेवला तर कोणता भयानक, असं विचारून फारसं हाती लागत नाही. मार लागला तर तो दुखतो का, वाईट वागणाऱ्याला त्याची झळ बसते का, संकटातून सुटका निव्वळ ताकदीने होते की वेताळाच्या कोड्यासारखी डोक्याने, आणि गोष्ट मुलाला सुखरूप परत आणते की ऐन धोक्याच्या जागी तोडून पुढचा भाग आपोआप सुरू करते, हे पाहायला हवं. त्यासाठी एक भाग मुलाशेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला तरी पुरतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला पडद्यावरचं आणि खरं यातला फरक नीट कळत नाही. त्याच्यासाठी साधासुधा राक्षसही मोठा असतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला दैत्य चालतो, कधी हवाही असतो.

मोबाईल बंद झाल्यावर आजीने एवढंच विचारावं: ‘मग पुढं काय झालं रे?’ नातवाने कोण कुठे अडकलं, का अडकलं, कसं सुटलं हे क्रमाने सांगितलं तर कथा त्याच्यापर्यंत पोचली. हातवारे करून नुसतंच ‘ढिशुम, ढिशुम’ आलं, तर पुढचा भाग लावण्याआधी आजीने आपली एखादी गोष्ट सांगायला हरकत नाही. गोरोबांची तिला पाठ असते.