क्षयजंतूंचा प्रतिकार

क्षयरोग्याला स्वच्छ हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांति यांपलीकडे वैद्यशास्त्र फारसें कांहीं देऊं शकत नव्हतें, तो काळ फार दूरचा नाहीं. मिरजेसारख्या ठिकाणीं आरोग्यधामें उभीं राहिलीं तीं याच भरंवशावर. १९४३ सालीं अमेरिकेंत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकानें मातींतील सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळविलें, आणि क्षयजंतूंवर चालणारें खरें औषध माणसाच्या हातीं आलें.

महायुद्धानें खंगलेल्या इंग्लंडपाशीं हें औषध थोडेंच होतें. सर्वांना पुरणार नाहीं, तर द्यावें कोणाला? तेथील वैद्यकीय संशोधन मंडळानें १९४७ सालीं कठोर परंतु न्याय्य मार्ग काढला. १०७ रोग्यांपैकीं ५५ जणांस औषध व विश्रांति, ५२ जणांस नुसती विश्रांति. कोण कोणत्या गटांत, हें यदृच्छेनें ठरलें. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील ४ दगावले, दुसऱ्यांतील १४. कोणालाही हर्ष व्हावा असाच हा आंकडा! परंतु औषध घेणाऱ्या पुष्कळांची प्रकृति आरंभीं सुधारून पुन्हां ढांसळूं लागली. त्यांच्या थुंकींतील जंतू तपासतां ते स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झालेले आढळले. पांच वर्षांनीं पाहतां पहिल्या गटांतील ३२ आणि दुसऱ्यांतील ३५ रोगी मृत्यु पावले होते.

जंतूंना औषधाची संवय होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो तितकासा बरोबर नाहीं. फुप्फुसांतील कोट्यवधि जंतूंत कांहीं मोजके मुळांतच त्या औषधास न जुमानणारे असतात. औषध इतरांना मारतें आणि या मोजक्यांना रान मोकळें करून देतें. मात्र दोन औषधांस एकाच वेळीं चुकविणारा जंतु अतिशय विरळा. म्हणून स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीस 'पास' नांवाचें औषध देऊन पाहिलें, तेव्हां प्रतिकार फार थोड्या रोग्यांत उद्भवला. १९५२ सालीं आयसोनायझिड आलें, पुढें रिफॅम्पिसिन. संयुक्त उपचार रूढ झाला. घरीं राहून औषध घेणारा रोगीही आरोग्यधामांतल्याइतकाच बरा होतो, हें मद्रासच्या संशोधन केंद्रानें १९५९ सालीं दाखविलें.

पण घरचा उपचार महिनोन्‌महिने चालवावा लागतो. खोकला थांबला, अंगीं बळ आलें, कीं रोगी कामावर जातो आणि औषध सुटतें. उरलेले चिवट जंतू मग घरांतल्या मुलाबाळांपर्यंत पोंचतात. ज्यानें औषधाची गोळी कधीं पाहिलीही नाहीं, त्यालाही असाध्य क्षय जडतो. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांनीं अशा चार रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली, कीं ज्यांच्या जंतूंवर तपासलेलें एकही औषध चालत नव्हतें. त्यांपैकीं तिघांनीं अनेक खाजगी डॉक्टरांकडून अव्यवस्थित औषधें घेतलेलीं होतीं. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत बेडाक्विलिन या नव्या औषधास मान्यता मिळाली. त्यालाही न जुमानणारे जंतू थोड्याच वर्षांत आढळूं लागले.